मुन्शींचा रोजा आहे

कुवेतमध्ये मला कुणी माझ्या नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून इथे आलो तेव्हा मराठी शाळेतली सातवी झालेली होती, उर्दू आणि गुजराती अक्षर बरं होतं, आणि एका अरब व्यापाऱ्याला मुंबईशी पत्रव्यवहार करायला माणूस हवा होता. दुसऱ्या दिवसापासून मी मुन्शी झालो. पेढीवर मुन्शी, मशिदीत मुन्शी, भाजीवाल्याकडे मुन्शी. पुढे बायको इथे आली, तीही चारचौघांत मला मुन्शीच म्हणायची आणि वर पदराआड हसायची.

ती इथे सहा वर्षं राहिली. इथला उन्हाळा तिला मानवला नाही असं लोक म्हणतात. खरं तर तिला इथलं काहीच मानवलं नव्हतं. पण तिने तक्रार केली नाही आणि मी विचारलं नाही. शहराभोवतीची मातीची भिंत अजून उभी होती तेव्हा ती गेली. वेशीजवळच्या कब्रस्तानात तिला दफन केलं. इथे कबरीवर नाव घालत नाहीत, डोक्याशी साधा दगड असतो. कुंपणाकडून सातवी ओळ, तिच्यात डावीकडून अकरावा दगड. हे मला पाठ आहे आणि माझ्याशिवाय जगात दुसऱ्या कुणालाही नाही.

म्हणून नोकरी सुटल्यावर मी परत गेलो नाही. मुलगी मुंबईला दिलेली. तिच्या प्रत्येक पत्रात ‘अब्बा, आता या’ असायचं, आणि त्याच पत्रात सासू-सासरे, दीर, दोन मुलं आणि दोन खोल्या यांचीही हकीकत असायची. मी त्यातल्या कुठल्या कोपऱ्यात बसणार होतो ते तिलाही ठाऊक नव्हतं. मी गेलो असतो तर सातवी ओळ आणि अकरावा दगड सांगणारा इथे कुणी उरला नसता. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. इथे राहायचं, आणि हे राहणं आपल्याला परवडत नाही हे कुणाला कळू द्यायचं नाही. पहिली जमेल की नाही याची धाकधूक होती. दुसरीसाठी मात्र मी वाटेल ते केलं, त्याचीच ही गोष्ट आहे.

पेढीतून निघालो त्या दिवशी म्हाताऱ्या अरब शेठने माझा हात हातात घेऊन सांगितलं, “मुन्शी, तू जिवंत आहेस तोवर दर महिन्याला दीडशे रुपिया तुझे.” कागद नाही, शिक्का नाही. त्या माणसाने जहाजंच्या जहाजं नुसत्या शब्दावर भरलेली मी पाहिली होती, त्यामुळे कागद मागायचं मनातही आलं नाही. तेव्हा इथे आपल्याच रुपयाचं चलन होतं. अरब त्याला रुपिया म्हणत. मधे आपल्या सरकारने आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या, पण रुपिया तो रुपियाच राहिला. दीडशेत एकटा माणूस जेवूनखाऊन, पाहुणा आला तर त्याला वाढून, मुलीला ईदीला काही पाठवू शकत होता.

मग दिनार आला. दिनाराचे हजार फिल्स, आणि एका रुपियाचे पंच्याहत्तर फिल्स असा सरकारी भाव ठरला. हिशेब सरळ होता, मी तर तो पेढीतल्या पोरांना फळ्यावर मांडून समजावला होता. पण बाजार शाळा शिकलेला नसतो. शंभर फिल्सचं नाणं हातात आलं, गोल, गोमटं, वजनदार, आणि लोकांनी त्यालाच रुपिया म्हणायला सुरुवात केली. एका दिवसात झालं नाही, पण झालं.

आमच्या गल्लीत एका इराण्याचं दुकान होतं. आम्ही त्याला आगा म्हणत असू. एकदा चहाची पुडी घेतली आणि त्याच्यासमोर पंच्याहत्तर फिल्स ठेवले. त्याने पुडी हातात धरून ठेवली.

“आगा, मागच्या महिन्यात ही एक रुपियाची होती.”

“आजही एकच रुपिया आहे, मुन्शी,” तो म्हणाला. “मी कुठे भाव वाढवला? अजून पंचवीस फिल्स.”

मी त्याच्याशी भांडलो. पुष्कळ भांडलो. आजूबाजूची माणसं जमली आणि सगळी त्याच्याच बाजूने बोलू लागली, कारण त्यांच्या खिशातही तोच गोल रुपिया होता. शेवटी पंचवीस फिल्स टाकले आणि पुडी घेऊन घरी आलो. चहा केला, तो कडू लागला.

खरा घाव नंतर बसला. म्हातारे शेठ गेले, धाकटे गादीवर बसले. धाकट्यांनी बापाचा शब्द मोडला नाही, हे मी आधी सांगून टाकतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दीडशे रुपिया पाकिटात घालून ठेवलेले असत. फक्त ते सरकारी रुपिया असत, पंच्याहत्तर फिल्सचे. सव्वाअकरा दिनार. बाजारात माझा रुपिया शंभराचा आणि पाकिटात पंच्याहत्तरचा. बरं, तक्रार कोणाकडे करणार? तो हिशेब त्या पोरांना शिकवणारा मीच होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रांतल्या चुका काढल्या, आणि ज्या हिशेबाने माझी भाकरी पाऊण केली त्यात एकही चूक नव्हती. धाकट्या शेठना जाऊन म्हणावं, ‘मला बाजारचा रुपिया द्या,’ असं दहादा मनात आलं. दोनदा तर पेढीच्या पायऱ्यांपर्यंत गेलो. पायऱ्यांवर नव्या पोरांनी उठून सलाम केला, बसायला खुर्ची दिली, आणि मी “सहज आलो होतो” म्हणून परत फिरलो.

त्यात शहर पाडायला काढलेलं. जुनी मातीची घरं सरकार भरमसाट किमतीला विकत घेई, मालक रातोरात श्रीमंत होत आणि भाडेकरू गाठोडी उचलत. ज्या अंगणाच्या कडेच्या खोलीत माझी बायको वारली ते अंगणच राहिलं नाही, तिथून मोठा रस्ता गेला. मी मुरगाब वस्तीत एक खोली घेतली. जुन्या खोलीच्या दुप्पट भाडं, आणि पाणी टाकीवाल्याकडून विकतचं. खोलीला खिडकी होती, पण ती समोरच्या भिंतीकडे उघडायची.

आता तांडेलाबद्दल सांगायला हवं. तोही आपल्याकडचाच, रायगडाच्या किनाऱ्याचा. तरुणपणी अरबांच्या गलबतांवर खलाशी म्हणून चढला, बसऱ्याच्या खजुरापासून आफ्रिकेच्या लाकडापर्यंत सगळं वाहिलं, पुढे खलाशांचा मुकादम झाला म्हणून तांडेल. गलबतं बंद पडल्यावर बंदराजवळच्या एका पत्र्याच्या खोलीत राहून कोळ्यांची जाळी दुरुस्त करायचा. लग्न केलं नव्हतं. लिहिता-वाचता येत नव्हतं. माझ्या बायकोला त्याने बहीण मानलेलं, आणि तिच्या मय्यतीला खांदा देणाऱ्यांत तो होता.

ती असताना शुक्रवारच्या नमाजानंतर आमच्याकडे दुपारचं जेवण व्हायचं. तांदळाच्या भाकरी, ओल्या नारळाचं आणि सोलांचं माशाचं कालवण. आपल्या किनाऱ्याचा जो कोणी येईल तो बसायचा. ती गेल्यावर मी स्वतः रांधायला शिकलो. माझ्या भाकरीचा आकार पाहून तांडेल म्हणायचा, “मुन्शी, ह्यो कुठला नकाशा?” आणि चार नकाशे खायचा. हळूहळू बाकीचे कमी झाले, कुणी तेलकंपनीच्या अहमदीला गेलं, कुणी गावी. तांडेल एकही शुक्रवार चुकवत नसे.

पहिलं खोटं मी तांडेलाशी बोललो नाही. एका गुरुवारी दुपारी आपल्याकडचे तिघे न सांगता दारात उभे राहिले. घरात दोन कांदे, इराणी भट्टीची एक रोटी आणि चिमूटभर चहा. भट्टीची रोटी तेवढी स्वस्त राहिली होती, तिच्यावर माझे आठवडे निघत. तिघांना पाहून माझ्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या माणसाला दारातून उपाशी पाठवायचं म्हणजे गावाकडे सात पिढ्या तोंड दाखवायला नको. माझ्या तोंडून निघून गेलं, “या, या. माझा आज रोजा आहे, पण तुम्ही बसा, चहा टाकतो.”

“नको, नको, मुन्शीजी!” तिघेही एकदम म्हणाले. “रोजेदारासमोर आम्ही चहा कसा प्यायचा?” पाच मिनिटं अदबीने बसले, माझ्याकडून दुआ मागितली आणि गेले.

मी दार लावलं आणि चक्क हसलो. इतकं सोपं! नफिल रोजा, म्हणजे आपल्या खुशीने ठेवायचा. सोमवारी आणि गुरुवारी तो ठेवणं पुण्याचं, चांद्र महिन्याच्या तेरा-चौदा-पंधराला ठेवणंही पुण्याचं. एवढे दिवस तर धर्मानेच माझ्या हाती दिले होते. मी सोमवार घेतले, गुरुवार घेतले, मग त्यांच्या आगेमागे आणखी थोडे घेतले. कुणी जेवायला बोलावलं की रोजा, कारण एकाकडे जेवलो की त्यालाही बोलवावं लागणार. कुणी घरी आलं की रोजा. आणि खोटं तरी पूर्ण कुठे होतं? दिवसभर पोटात काही नसायचंच. फक्त नियत नव्हती, आणि पहाटे उठून खाल्लेलं नसायचं.

हे सोंग अंगाशी कसं आलं ते मला कळायला वर्ष लागलं. लोक मला अल्लावाले म्हणू लागले. कधी कुणी लेकराला घेऊन यायचं, ताप उतरत नाही, पाण्यावर फुंकर मारा. मी म्हणायचो, अहो, मी साधा पत्रं लिहिणारा माणूस. तर तो माझा नम्रपणा ठरायचा. शेवटी फुंकायचो. ताप उतरायचा, तो उतरणारच असायचा, आणि माझी कीर्ती आणखी वाढायची.

माझ्या खोलीजवळ एक चहाखाना होता. संध्याकाळी आपल्याकडचे आणि केरळचे लोक तिथे बसत, पत्ते कुटत, रेडिओवर हिंदी गाणी लागत. पूर्वी मीही बसायचो, आणि खोटं कशाला बोलू, पत्त्यांत लबाडीही करायचो. आता मी दारात दिसलो की पत्ते गालिच्याखाली जात आणि कुणीतरी पटकन उठून रेडिओ बंद करी. “या मुन्शीजी, बसा,” म्हणत आणि सगळे गप्प बसत. मला तेच गाणं ऐकायचं असायचं. दिवसभर त्या भिंतीकडच्या खिडकीशी बसल्यावर चार माणसांचा आरडाओरडा ऐकायला मी तिथवर जायचो, आणि माझ्या पायरवाने तो थांबायचा. एकदा बराच वेळ बाहेर, अंधारात उभा राहून गाणं पुरतं ऐकलं आणि आत न जाताच परत आलो. किती एकटा होतो मी तेव्हा. कुणी मला वाळीत टाकलं असतं तर निदान भांडता आलं असतं, पण हे सगळे मला मान देत होते.

शुक्रवार मात्र मी सांभाळला होता. आठवडाभर हात आखडता घेऊन शुक्रवारचा मासा आणायचो. आधी पापलेट, मग पापलेट हॉटेलवाले उचलू लागले तेव्हा बारीक मासे, मग सुकट. नारळ सुटला, सोलं मुलगी पाठवायची तेवढी राहिली. तांडेल काही बोलायचा नाही. सुकटीचं कालवणही भाकरीने पुसून खायचा. तेवढे दोन तास मी अल्लावाला नसायचो. तो मला शिव्या द्यायचा, मी त्याला द्यायचो.

खोलीचं भाडं दुसऱ्यांदा वाढलं त्या महिन्यात सुकटही आली नाही. शुक्रवारी नमाजाहून परतताना मी मनाशी ठरवत होतो, तांडेलाला खरं सांगू. तो आपला आहे. पण तो दारात उभा राहिला, हात धुऊन तयार, आणि माझी जीभ आपल्या सवयीच्या वाटेने गेली.

“तांडेल, माझा आज रोजा आहे.”

“जुम्म्याला?” त्याने विचारलं. नुसता शुक्रवारचा, एकट्या दिवसाचा रोजा ठेवत नाहीत, हे त्या निरक्षर माणसालाही ठाऊक होतं.

“कालही होता. जोडून आहे.”

धुतलेले हात त्याने सदऱ्याला पुसले. मग म्हणाला, “बरा हाय. माजाबी पोट आज ठीक नाय.” आणि चटईवर टेकला. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. जाळ्यांचं काम कमी झालंय म्हणाला, नायलॉनची नवी जाळी लवकर फाटत नाहीत. मी हूं हूं केलं. माझं लक्ष त्याच्या बोलण्यात नव्हतं, तो मगरीबपर्यंत, सूर्य बुडेपर्यंत, थांबला तर रोजा सोडायला त्याच्यापुढे काय ठेवू या विवंचनेत होतो. तो मगरीबच्या आधीच उठला. मला सुटल्यासारखं वाटलं, याची आज लाज वाटते.

त्यानंतर बहुतेक शुक्रवारी तसंच झालं. तो यायचा, मी रोजा म्हणायचो, आम्ही बसायचो, आणि सावली लांब झाली की तो उठून जायचा. पुढे पुढे एक शुक्रवार आड येऊ लागला. मला वाटलं, हाही आता मला अदबीने वागवू लागला. मी मनातून त्याच्यावर रागावलो. ज्याला मीच दाराबाहेर ठेवत होतो, तो आत का येत नाही म्हणून रागावलो.

त्या वर्षी बकरी ईदला मी पहिल्यांदाच कुणाकडे गेलो नाही. धाकट्या शेठकडून दर ईदला गोश्त यायचं, पण त्यांच्या नव्या नोकराला माझी नवी खोली ठाऊक नव्हती. ईदची नमाज पढून कब्रस्तानात जाऊन आलो आणि दार ओढून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी कडी वाजली. तांडेल होता. हातात एका फडक्यात बांधलेलं ताट, आणि त्या फडक्यातून शिजलेल्या मटणाचा वास. त्या वासाने माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि मी, सातवी पास, मुन्शी, अल्लावाला, म्हणालो,

“तांडेल, माझा रोजा आहे.”

बोलल्यावर एका क्षणाने मला कळलं मी काय बोललो ते. ईदच्या दिवशी आणि त्यानंतरचे तीन दिवस रोजा ठेवता येत नाही. ठेवणं हरामच आहे. गावाकडचं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. ती चूक फक्त ज्याने रोजा कधी ठेवलाच नाही त्याच्याकडून होते.

तांडेल उंबऱ्यातच बसला. ताट मांडीवर घेतलं.

“कवापासून?” त्याने विचारलं.

मी त्याला आत ये म्हणालो.

“मुन्शी, कवापासून उपाशी हायस तू?”

“दोन वर्षं झाली,” मी म्हणालो. “रोज नाही. पण होतं तसं.”

तो फडक्याची गाठ सोडू लागला. जाळी विणणारे हात, पण ती गाठ त्याला सुटेना. खाली बघतच तो बोलला, “मी जुम्म्याला तुज्याकडं क्याला यायचो, ठाऊक हाय? नायलॉन आल्यापासून काम नाय मना. आठवड्यातून एकडाव पोटभर जेवायचो, ते तुज्याकडं. तू रोजा बोललास, मना वाटला, मुन्शी अल्लाच्या वाटेला लागलाय, त्याला कशाला सांगू. मी घरी जाऊन पानी पिऊन निजायचो.”

मला त्याच्या तोंडाकडे पाहवेना. माझी अब्रू झाकायला मी जी चादर ओढत होतो ती त्याच्या अंगावरून ओढत होतो. त्याने चार वेळा सांगितलं होतं की काम कमी झालंय, आणि मी चारही वेळा हूं म्हटलं होतं. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि रडलो, त्याच्यासमोर, आवाज काढून. बायको गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो.

त्याने मला रडू दिलं. ताट उघडलं. बंदरावरच्या कुठल्याशा नाखवाने कुर्बानीचं पाठवलेलं मटण आणि भट्टीची रोटी. घास माझ्यापुढे धरला आणि मागे घेतला.

“आधी बोल, भूक लागली.”

“काय?”

“मना भूक लागली, असा बोल. मग देतो.”

मला ते बोलवेना. ते शब्द माझ्या तोंडाला राहिलेच नव्हते. तो बराच वेळ घास धरून बसला, मग “हट्टी रे हट्टी” म्हणत त्याने तो माझ्या तोंडात कोंबला.

पुढच्या महिन्यात त्याने पत्र्याची खोली सोडली आणि गाठोडं घेऊन माझ्याकडे आला. एक भाडं, एक स्टोव्ह, एक पाण्याचं पिंप. शिवाय त्याने एक नवाच धंदा काढला. लोकांची पत्रं मी आजवर फुकट लिहीत आलो होतो. तांडेल दाराशी बसून येणाऱ्याला सांगू लागला, “मुन्शी पैशे घेत नाय. पन पत्र लांब असला तर तांदूळ घेऊन ये, आखूड असला तर मासा.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांना काहीच वाटलं नाही, त्यांच्या लेखी मी अल्लावालाच राहिलो. त्यांनी आनंदाने आणलं, आणि काही वस्ताद लांब पत्राचं आखूड करून घेऊ लागले. शुक्रवारचं कालवण परत आलं. भाकऱ्या आता तो करायचा, गोल गरगरीत, आणि माझ्या नकाशांची आठवण काढून हसायचा. रविवारी तो माझ्याबरोबर कब्रस्तानात यायचा. मी त्याला सातवी ओळ दाखवली, अकरावा दगड दाखवला. तो बोटांवर मोजून पाठ करत राहिला. आता ते दोघांना ठाऊक होतं.

तो माझ्याकडे तीन हिवाळे राहिला. चौथ्या हिवाळ्यात त्याला खोकला धरला आणि तो महिन्याभरात गेला. माझ्याआधी. ती ओळ आणि तो दगड पाठ करून ठेवण्याचा काही उपयोग झाला नाही. बायकोच्या कब्रस्तानात आता नवी मय्यत घेत नव्हते, त्यामुळे त्याला दूर, शहराबाहेरच्या नव्या जागेत नेलं. तिथे ओळी अजून पडायच्या होत्या. त्याची पहिलीच ओळ, तिसरी जागा. मी ती दोनदा मोजली.

परत आलो तर खोलीत माणसं दाटलेली. आपल्याकडचे झाडून सगळे आले होते, चहाखान्यातले पत्तेवालेही. आमच्या रिवाजाप्रमाणे मय्यतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण पाठवतात. कुणाच्या तरी घरून भाताचं पातेलं आलं, डाळ आली, वर तळलेले मासे आले. दस्तरखान पसरला. मी त्याच्या चटईवर बसलो होतो. तिच्यात अजून जाळ्याच्या दोऱ्याचे तुकडे अडकलेले होते.

एक जण ताटं वाढत पुढे येत होता. माझ्यापाशी आला, थबकला, आणि शेजारच्याने त्याचं मनगट हळूच धरून त्याला पुढे वळवलं. आवाज खाली होता, पण मी ऐकला.

“त्यांना नको. आज गुरुवार आहे. मुन्शींचा रोजा असेल.”

ताट माझ्यासमोरून पुढच्या माणसाकडे गेलं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी दुखावला जाऊ नये म्हणून ती सगळी भली माणसं माझ्याकडे पाठ करून, जमेल तितक्या हळू घास घेऊ लागली. आणि मी तसाच बसून राहिलो असतो. सवय होती. ते सगळे उठून गेले असते, दुआ मागून गेले असते, आणि मी रात्री पाणी पिऊन निजलो असतो.

माझा हात त्या चटईवर होता.

“मला द्या,” मी म्हणालो.

वाढणारा वळून पाहत राहिला.

“मला भूक लागली आहे,” मी मोठ्याने म्हणालो.

ताट आलं. मी जेवलो.